लिहिलेलें एकदां वाचून दाखवा

पूर्वीं कचेरीच्या आवारांत, एखाद्या वडाच्या किंवा चिंचेच्या सावलींत, पुढ्यांत उतरतें मेज घेऊन अर्जनवीस बसलेला असे. कोठें कोठें तो अद्यापहि बसतो. खेड्यांतून आलेला पक्षकार आपली हकीकत आपल्या बोलींत सांगे. अर्जनवीस ती ऐकून घेई आणि कचेरीला समजेल व चालेल अशा भाषेंत कागदावर उतरवी. पक्षकाराला ती भाषा येत नसे, आणि न येण्यांत त्याला कांहीं कमीपणाहि वाटत नसे. पण त्यांतला जो शहाणा असे, तो अंगठा उठविण्यापूर्वीं एक गोष्ट न चुकतां करी. 'लिहिलेलें एकदां वाचून दाखवा,' असें तो म्हणे. अर्जनविसावर त्याचा अविश्वास असे म्हणून नव्हे. 'भावाचा वांटा सोडून' आणि 'भावाच्या वांट्यासह' यांत कागदावर अंतर एका शब्दाचें असलें, तरी निकालांत तें किती पडतें, हें तो जाणून असे म्हणून.

आज शहरांतील बहुतेक सुशिक्षित कुटुंबें दिवसांतून कितीदां तरी असा अर्ज करीत असतात. विजेचें देयक भरणें असो, आगगाडींतील जागा राखून ठेवणें असो, कीं वाचनालयांत एखादें पुस्तक आहे किंवा नाहीं हें घरबसल्या पाहणें असो; बोटानें पडद्यावर स्पर्श केला कीं पलीकडे एक प्रोग्रॅम जागा होतो, आणि तो प्रोग्रॅम नोंदींच्या मोठ्या दफ्तराकडे, म्हणजे डेटाबेसकडे, मागणी करतो. ही मागणी लिहिण्याचें काम पुष्कळदां प्रोग्रॅमर स्वतः करीत नाहीं. त्यासाठीं त्यानें एक अर्जनवीस नेमलेला असतो. हा अर्जनवीस माणूस नव्हे. तीहि एक आज्ञावलीच असते. ती काय लिहिते, आणि तें लिहिलेलें टिपून कसें वाचावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ कारागिरांचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर सामान्य माणसाच्या पैशाच्या नोंदी अवलंबून असतात.

या कचेरीची भाषा एस्.क्यू.एल्. या नांवानें ओळखली जाते. १९७० सालीं एडगर कॉड या आय्.बी.एम्. कंपनींतील संशोधकानें असा विचार मांडला कीं, मोठ्या संग्रहांतील माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें ठेवावी, आणि मागणाऱ्यानें 'काय पाहिजे' एवढेंच सांगावें. तें कोठून व कसें आणावयाचें हें यंत्रानें ठरवावें. त्या विचाराला अनुसरून त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं एक भाषा जाहीर केली. तिचें मूळ नांव सीक्वल. तें दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशीं जुळत असल्यामुळें पुढें आखडून घ्यावें लागलें. १९८६ सालीं अमेरिकेंतील मानक संस्थेनें तिचें प्रमाण रूप ठरविलें. 'सिलेक्ट' म्हणजे निवडून दे, 'इन्सर्ट' म्हणजे नवी ओळ घाल, 'अपडेट' म्हणजे असलेली ओळ बदल, 'डिलीट' म्हणजे ओळ काढून टाक. या चार क्रियापदांवर तिचा बहुतेक संसार चालतो. पन्नास वर्षें होऊन गेलीं तरी ती टिकून आहे. संगणकाच्या जगांत हें वय पितामहाचें समजावें.

प्रोग्रॅमरची बोली मात्र निराळी असते. तो 'हें पुस्तक', 'या पुस्तकाचा लेखक', 'त्या लेखकाचें नांव' अशा जिवंत वस्तूंच्या भाषेंत विचार करतो. कोष्टकांत अशी वस्तु नसते. तेथें पुस्तकांचें एक कोष्टक असतें, लेखकांचें दुसरें असतें, आणि पुस्तकाच्या ओळींत लेखकाचा नुसता क्रमांक लिहिलेला असतो. या दोन बोलींमधील अंतर भरून काढण्यासाठीं जीं साधनें निघालीं त्यांना मॅपर म्हणतात. जावा भाषेकरितां गॅव्हिन किंग यानें २००१ सालीं सुरू केलेला हायबरनेट हा त्यांतील एक प्रसिद्ध मॅपर. पायथन भाषेंत जँगो या साधनसंचाबरोबर येणारा मॅपर फार लोकप्रिय आहे, आणि त्याची जन्मकथा मौजेची आहे.

अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स नांवाचें एक गांव आहे. तेथील वर्तमानपत्राच्या कचेरींत २००३ सालीं एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे प्रोग्रॅमर कामाला होते. वर्तमानपत्राची घाई सर्वश्रुतच आहे. आज दुपारीं मागितलेलें पान आज संध्याकाळीं उभें राहिलें पाहिजे, उद्यां नको. त्या घाईंत पुनः पुनः करावीं लागणारीं कामें या दोघांनीं एकत्र बांधलीं, आणि २००५ च्या जुलैंत तो संच सर्वांसाठीं खुला झाला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचें नांव त्याला देण्यांत आलें. घाईच्या पोटीं जन्मलेलें हें साधन घाईच्या माणसाला आवडावें यांत नवल नाहीं. प्रोग्रॅमरनें पायथनच्या दोन ओळी लिहाव्या, आणि एस्.क्यू.एल्.चें वाक्य साधनानें तयार करून डेटाबेसकडे धाडावें, असा हा सोयीचा मामला आहे. ही सोय खोटी नाहीं. हातानें वाक्यें जुळवितांना वापरणाऱ्यानें भरलेला मजकूर थेट वाक्यांत मिसळला, तर दुष्ट माणूस नांवाच्या जागीं एखादी आज्ञाच लिहून दफ्तर उधळूं शकतो. मॅपर वाक्य आणि मूल्यें निरनिराळीं ठेवून हा धोका बहुतांशीं टाळतो. तेव्हां मॅपर टाकून सर्व कांहीं हातानेंच लिहावें, असें म्हणणारे कित्येक कसबी लोक असले तरी तो उपदेश अतिरेकाचा आहे. अर्जनवीस ठेवावा, मात्र वाचून घ्यावें.

न वाचल्यानें काय होतें, हें एका साध्या कल्पित उदाहरणावरून पाहतां येईल. एका वाचनालयाच्या नव्या खरेदीची यादी पडद्यावर दाखवावयाची आहे. पुस्तकें पांचशें. प्रोग्रॅमर मॅपरला सांगतो, 'सर्व पुस्तकें घे, आणि प्रत्येकाचें नांव व त्याच्या लेखकाचें नांव छाप.' वाक्य सरळ आहे, आणि पडद्यावर यादीहि बिनचूक येते. पण पडद्यामागें काय घडलें? मॅपरनें प्रथम एक सिलेक्ट धाडून पांचशें पुस्तकें आणलीं. मग पहिल्या पुस्तकाच्या लेखकाचें नांव मागतांच ध्यानांत आलें कीं, आपणाजवळ केवळ लेखकाचा क्रमांक आहे. म्हणून दुसरा सिलेक्ट. दुसऱ्या पुस्तकासाठीं तिसरा. अशा रीतीनें पांचशें एक वाक्यें गेलीं. जणूं काय बाजारांतून पांचशें जिन्नस आणावयाचे आणि प्रत्येक जिनसासाठीं निराळी खेप करावयाची. कारागीर लोक याला 'एन् अधिक एक' असें म्हणतात. एका खेपेला दोन सहस्रांश सेकंद लागले असें धरलें, तर नुसत्या जाण्यायेण्यांतच सेकंदभर गेला. आणि एकाच वेळीं शंभर वाचक यादी उघडून बसले, तर पन्नास हजार वाक्यांची रांग लागली. चांचणीच्या वेळीं टेबलावर दहाच पुस्तकें होतीं, अकरा वाक्यें गेलीं, कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. पुढें वाचनालय कुरकुर करूं लागतें, आणि व्यवस्थापक मंडळी यंत्र अपुरें पडतें असें समजून वर्गणीच्या पैशांतून मोठें यंत्र भाड्यानें घेतात. यंत्र मोठें झालें तरी खेपा पांचशें एकच राहतात.

हा दोष शोधण्यासाठीं बुद्धीपेक्षां कान अधिक उपयोगी पडतो. जँगोमध्यें डिबग नांवाची कळ चालू असतां, डेटाबेसकडे गेलेलें प्रत्येक वाक्य आणि त्याला लागलेला वेळ यांची एक यादी आपोआप ठेवली जाते; 'कनेक्शन डॉट क्वेरीज' असें म्हटलें कीं ती पुढें येते. ती उघडून पाहणाऱ्याला पांचशें एक वाक्यें एकाखालीं एक दिसतात, आणि त्यांत लेखकाचा क्रमांक सोडून दुसरा फरक नाहीं हें पाहून त्याची मान आपोआप खालीं जाते. उपाय एका शब्दाचा आहे. 'सिलेक्ट रिलेटेड' असें सांगितलें कीं मॅपर पुस्तकांचें व लेखकांचें कोष्टक जोडून एकच वाक्य लिहितो. पांचशें एकचें एक होतें. हा शब्द त्या प्रोग्रॅमरला पूर्वीं माहीत नव्हता असेंहि नाहीं. तो येथें पाहिजे हें मात्र वाचल्यावांचून कळलें नाहीं.

मंदपणा फार तर गैरसोय करतो. यापेक्षां गंभीर गोष्ट अपडेटची आहे, आणि ती अशी निमूटपणें घडते कीं तक्रार आल्याशिवाय तिचा पत्ता लागत नाहीं. त्याच वाचनालयाचे तीन हजार सभासद आहेत असें समजा. प्रत्येकाच्या ओळींत नांव, पत्ता, पिन क्रमांक, दूरध्वनी आणि थकबाकी असे रकाने आहेत. एका भागाचा पिन क्रमांक चुकीचा पडला होता, तो सुधारण्यासाठीं प्रोग्रॅमरनें एक छोटी आज्ञावली लिहिली. तिनें सकाळीं अकरा वाजतां सर्व सभासद एकदम स्मरणांत घेतले, आणि ज्याचा त्याचा पिन तपासून 'सेव्ह', म्हणजे जतन कर, असें सांगत ती पुढें चालली. या कामाला पांच मिनिटें लागलीं. त्या पांच मिनिटांत खिडकीशीं एक सभासद आला, त्यानें थकलेले दीडशें रुपये भरले, पावती घेतली, आणि कारकुनानें त्याची थकबाकी शून्य केली. दोन मिनिटांनीं आज्ञावली त्याच सभासदाच्या ओळीपर्यंत पोहोंचली. तिला बदलावयाचा होता तो केवळ पिन. पण जँगोचा 'सेव्ह' निराळें कांहीं सांगितलें नाहीं तर ओळींतील सर्व रकाने लिहितो, आणि तेहि वाचतांना जसे होते तसे. म्हणजे नांव तेंच, पत्ता तोच, पिन नवा, आणि थकबाकी अकरा वाजतां होती तीच, दीडशें. भरलेले पैसे दफ्तरांतून पुसले गेले. कोणी चोरी केली नाहीं, यंत्र बिघडलें नाहीं, कोठें चुकीचा इशाराहि आला नाहीं. महिन्यानें त्या सभासदाला मागणीपत्र जातें. त्याच्यापाशीं पावती असली तर कारकुनाकडे संशयानें पाहिलें जातें, आणि नसली तर त्याच्याकडे.

प्रोग्रॅमरचें पायथनमधील वाक्य कितीहि वेळां वाचलें तरी हा दोष दिसत नाहीं. 'पिन बदल, जतन कर' एवढेंच तेथें असतें, आणि तें निर्दोष असतें. दोष दिसतो तो टिपून घेतलेल्या अपडेटमध्यें. जेथें एकाच रकान्याचें नांव असावयास पाहिजे तेथें पांच नांवें ओळीनें मांडलेलीं असतात, आणि शेवटचें थकबाकीचें असतें. तें पाहिल्यावर 'सेव्ह'ला 'केवळ हा रकाना' असें बजावून सांगणें सोपें आहे. 'अपडेट फील्ड्स' या नांवाची तशी सोय जँगोमध्यें आहेच. तसें सांगून पुनः टिपून पाहिलें कीं वाक्य आखडून पिनपुरतें उरतें, आणि दीडशें रुपयांना हात लागत नाहीं.

टिपून घेण्याच्या रीती अनेक आहेत, आणि त्या सर्व सारख्या विश्वासाच्या नाहींत. कित्येकजण वाक्य धाडण्यापूर्वींच मॅपरला 'तूं काय लिहिणार आहेस?' असें विचारतात. जँगो त्यावर जें दाखवितो तो कच्चा मसुदा असतो. मूल्यें वाक्यापासून निराळीं जात असल्यामुळें, मसुद्यांत तीं नुसतीं मध्यें बसवून दाखविलेलीं असतात. त्यांभोंवतीं अवतरणचिन्हें नसतात. '२०२४-०१-१५ नंतर घेतलेलीं पुस्तकें' असा शोध असला, आणि तो मसुदा उचलून डेटाबेसपुढें जसाच्या तसा ठेवला, तर तारखेचें वजाबाकीचें गणित होतें. दोन हजार चोवीसांतून एक गेला, पंधरा गेले, राहिले दोन हजार आठ! कोणी डेटाबेस अशा वाक्यावर रागावतो, तर कोणी निमूटपणें त्या आंकड्याशींच तुलना करून भलतेंच उत्तर देतो. शाळेंतील मुलांच्या वहींत शोभेल अशी ही चूक मोठ्या माणसांचे तास खाते. याकरितां मसुद्यापेक्षां प्रत्यक्ष धाडलेलें वाक्य टिपणें अधिक चांगलें.

तेंहि कोठें टिपावें यावर बरेंच अवलंबून आहे. वर सांगितलेली यादी डिबग चालू असतांनाच भरते, आणि प्रत्यक्ष सेवेच्या यंत्रावर ही कळ बंदच ठेवावी लागते. कारण ती चालू राहिली तर चूक झाल्याबरोबर आज्ञावलीचा आंतला भाग परक्या माणसाच्या पडद्यावर उमटतो. ही यादी अनंतहि नसते. नऊ हजार वाक्यें झालीं कीं जुनीं गळूं लागतात. म्हणून प्रत्यक्ष सेवेंत कान दुसऱ्या टोंकाला, डेटाबेसच्या दाराशीं, लावावा लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसला 'इतक्या वेळाहून अधिक वेळ घेणारीं वाक्यें लिहून ठेव' असें सांगतां येतें. मंद वाक्य पकडण्यास हें उत्तम. पण पांचशें एक खेपांचा चोर या जाळ्यांत सांपडत नाहीं. पाव सेकंदाची मर्यादा घातली आणि प्रत्येक खेप दोन सहस्रांश सेकंदांची असली, तर जाळ्याचीं भोंकें माशापेक्षां मोठीं ठरतात. त्यासाठीं पोस्टग्रेसमध्येंच एक पुरवणी आहे. ती मूल्यें वगळून एकाच सांच्याचीं वाक्यें एकत्र मोजते, आणि कोणता सांचा किती वेळां आला हें सांगते. लेखकाच्या क्रमांकाचा सांचा लाखांनीं मोजलेला दिसला कीं पुढें विचारण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

मूल्यें वगळण्यांत आणखीहि एक शहाणपण आहे. टिपलेलें वाक्य मूल्यांसह ठेवलें तर त्यांत सभासदांचीं नांवें, पत्ते, दूरध्वनी, कधीं आजाराच्या नोंदी, सर्व आलें. मूळ दफ्तराला कुलूप असतें. लॉगची फाइल मात्र कित्येकांच्या हातांतून जाते, एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरविली जाते आणि वर्षानुवर्षें विसरलेली राहते. २०१८ सालच्या मे महिन्यांत ट्विटर या कंपनीनें स्वतः जाहीर केलें कीं, एका चुकीमुळें वापरणाऱ्यांचे परवलीचे शब्द आंतल्या लॉगमध्यें उघड्या स्वरूपांत लिहिले जात होते. तो लॉग एस्.क्यू.एल्.चा होता असें नव्हे, आणि त्याचा कोणी गैरफायदा घेतल्याचें आढळलें नाहीं असेंहि कंपनीनें सांगितलें. तरी सर्व वापरणाऱ्यांना परवलीचा शब्द बदलण्याची सूचना करावी लागली. अर्जनविसाचें लिखाण वाचावें हें खरें, पण तें चावडीवर मोठ्यानें वाचूं नये. मायक्रोसॉफ्टच्या एन्टिटी फ्रेमवर्क कोअर या मॅपरनें ही गोष्ट ओळखून मूल्यें लॉगमध्यें दाखविणें मुळांत बंद ठेवलें आहे. ज्याला तीं पाहिजेत त्यानें 'नाजुक माहिती दाखव' अशा अर्थाची कळ स्वतःच्या जबाबदारीवर फिरवावी. हायबरनेटहि नेहमींच्या लॉगमध्यें मूल्यांच्या जागीं प्रश्नचिन्हें ठेवतो. नवशिके या प्रश्नचिन्हांवर फार चिडतात.

आणि एकदां वाचून सुधारलें म्हणजे काम संपलें असेंहि होत नाहीं. प्रोग्रॅमर बदलतात, पानें बदलतात. जँगोच्या चांचणी-साधनांत 'असर्ट नम् क्वेरीज' या नांवाची एक कसोटी आहे. 'या पानाला एकच वाक्य लागलें पाहिजे' असें तींत लिहून ठेवतां येतें, आणि आज्ञावलींत कांहींहि बदल झाला कीं ती कसोटी पुनः लावली जाते. डिबग बंद असलें तरी तेवढ्यापुरतीं ती वाक्यें स्वतः टिपून घेते. वरील वाचनालयाच्या यादींत तीन वर्षांनीं एखादा नवा मुलगा प्रकाशकाचें नांव घालतो. पडद्यावर सर्व ठीक दिसतें. चांचणींत तीनच पुस्तकें असतात, म्हणून वेळेंतहि फरक पडत नाहीं. पण कसोटी अडते. 'चार वाक्यें झालीं, एक अपेक्षित होतें,' एवढें सांगून ती थांबत नाहीं. टिपलेलीं चारी वाक्यें क्रमांक घालून त्याच्यापुढें मांडते, आणि त्यांतील शेवटच्या तिहींत प्रकाशकाचा क्रमांक तेवढा निराळा असतो.